कुंपणाला कुंपण

१७७७ साली व्हर्जिनियातल्या ऑरेंज काउंटीत निवडणूक लागली. मतदानाच्या दिवशी उमेदवाराने मतदारांना दारू पाजायची, ही तिथली जुनी रीत. जॉर्ज वॉशिंग्टननेही तरुणपणी ती निमूटपणे पाळली होती. पण या वेळी २६ वर्षांच्या एका उमेदवाराने ठरवलं, राजाचं राज्य गेलं, आता हे शोभत नाही; आपण कुणाला थेंबही पाजणार नाही. तो पडला. लोक म्हणाले, हा एकतर गर्विष्ठ असावा नाहीतर कंजूष.

त्या पडलेल्या उमेदवाराचं नाव जेम्स मॅडिसन. दहा वर्षांनी अमेरिकेच्या राज्यघटनेचा पहिला आराखडा मुख्यतः त्याच्या डोक्यातून निघाला, पुढे तो देशाचा चौथा राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्याकडे वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन ही नावं शाळेपासून ओळखीची असतात. मॅडिसन मात्र राज्यशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसा भेटत नाही. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, प्रकृती तोळामासा, आवाज इतका बारीक की भाषणं टिपून घेणाऱ्यांना शब्द ऐकू येत नसत. पुतळ्याला शोभेल असं त्याच्यात काही नव्हतं. पण सरकारला मर्यादा का हवी आणि ती टिकवायची कशी, याचा इतका खोल विचार त्या पिढीत क्वचितच कुणी केला.

त्या निवडणुकीतून तो काय शिकला हे त्याने कुठे सांगितलेलं नाही. पण त्याचं पुढचं सगळं लिखाण वाचताना मला तो दारूचा प्रसंग आठवत राहतो. माणसं चांगलीच वागतील असं धरून त्याने नंतर कधीच काही उभारलं नाही.

मेहेरबानी आणि हक्क

मॅडिसनच्या स्वातंत्र्यविचाराची सुरुवात धर्मापासून होते. तेव्हाच्या व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे सरकारी चर्च होतं. त्याच्यासाठी सगळ्यांनी कर भरायचा आणि परवान्याशिवाय प्रवचन करणाऱ्या बॅप्टिस्टांना, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, तुरुंगात डांबायचं. १७७४ साली त्याने एका मित्राला संतापून लिहिलं, की शेजारच्या काउंटीत पाचसहा भली माणसं केवळ आपले धार्मिक विचार जाहीरपणे मांडले म्हणून कोठडीत आहेत. तो स्वतः बॅप्टिस्ट नव्हता. त्याच्या घरावर काहीच आलेलं नव्हतं.

दोन वर्षांनी व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता. जॉर्ज मेसन या ज्येष्ठ नेत्याच्या मसुद्यात होतं की धर्माच्या बाबतीत सर्वांना पुरेपूर सहिष्णुता मिळावी. ऐकायला छान. तेव्हा मॅडिसन २५ वर्षांचा, सभागृहात नवखा. त्याने हा शब्द खटकल्याचं दाखवून दिलं आणि तिथे ‘सर्व माणसांना धर्माचरणाच्या स्वातंत्र्याचा सारखाच हक्क आहे’ अशा अर्थाचं वाक्य आणवलं.

फरक शब्दाचा वाटतो, पण सगळी गोम तिथेच आहे. सहिष्णुता कोण दाखवतो? ज्याच्या हातात सत्ता आहे तो. म्हणजे तुम्हाला राहू दिलंय, बोलू दिलंय, देवळात जाऊ दिलंय. भाडेकरूला घरमालकाने गच्चीवर कपडे वाळत घालू द्यावेत, तसं. घरमालकाचा मूड बदलला की दोरी काढून टाकली जाईल. हक्क म्हटलं की गच्ची सामायिक होते, आणि तिथे मालकाच्या मनाचा प्रश्नच उरत नाही.

१७८४-८५ मध्ये हाच वाद पुन्हा आला, या वेळी जास्त गोड रूपात. पॅट्रिक हेन्री या लोकप्रिय वक्त्याने विधेयक आणलं, की एका चर्चसाठी कर नको, पण ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांसाठी छोटासा कर असावा आणि तो कुठल्या पंथाला द्यायचा हे ज्याने त्याने ठरवावं. बऱ्याच जणांना यात गैर काही दिसेना. मॅडिसनने विरोधात निवेदन लिहिलं, निनावी. त्यातला युक्तिवाद असा, की जे सरकार आज एखाद्या पंथासाठी तुमच्याकडून फक्त तीन पेन्स सक्तीने काढू शकतं, ते उद्या तुम्हाला हवं तसं वाकवू शकतं. रक्कम किती हे महत्त्वाचं नाही, तो अधिकार सरकारला आहे का हे महत्त्वाचं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, हे आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मॅडिसनने त्यावर पंधरा मुद्द्यांचं निवेदन लिहिलं. विधेयक बारगळलं, आणि जानेवारी १७८६ मध्ये जेफरसनने कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसनने विधिमंडळातून मंजूर करून घेतला. जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये वकिलातीत होता.

दुबळं सरकारही घातकच

मर्यादित सरकार म्हणजे लहान, लुळंपांगळं सरकार, असा एक समज असतो. मॅडिसनचा तो समज १७८० च्या दशकातच पुसला गेला. ब्रिटिशांशी लढून तेरा राज्यं मोकळी झाली होती आणि त्यांची एक सैलसर मोट बांधली होती. त्या मोटेच्या काँग्रेसला कर लावता येत नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, मिळाले तर मिळाले. मूळ करारात बदल करायचा तर तेरापैकी तेरा राज्यांची संमती लागे. आयात मालावर पाच टक्के जकात लावायची साधी सूचना एकट्या ऱ्होड आयलंडने, म्हणजे सगळ्यांत चिमुकल्या राज्याने, अडवून धरली. सैनिकांचे पगार थकले, कर्ज थकलं.

पण मॅडिसनला जास्त अस्वस्थ केलं ते राज्याराज्यांतल्या कारभाराने. तिथे राजा नव्हता, लोकांनी निवडून दिलेली विधिमंडळं होती, आणि तरीही अन्याय होत होता. ऱ्होड आयलंडमध्ये कर्जदारांचं बहुमत सत्तेत आलं. त्यांनी भरमसाट कागदी नोटा छापल्या आणि कायदा केला, की सावकाराने त्या पूर्ण दराने घेतल्याच पाहिजेत, नाहीतर दंड. सावकारांची बाजू घ्यायची गरज नाही; मुद्दा असा की ज्याचं कर्ज त्यानेच ते कसं फेडायचं हे ठरवलं. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश.

१७८७ च्या एप्रिलमध्ये मॅडिसनने जुन्या व्यवस्थेतल्या दोषांची यादी स्वतःसाठी लिहून काढली. त्याआधी जेफरसनने पॅरिसहून पाठवलेली पुस्तकं घेऊन तो बसला होता आणि ग्रीकांपासून डचांपर्यंतचे संघ का मोडले याची टिपणं काढत होता. मग ३ मे रोजी तो फिलाडेल्फियाला पोचला. बाकीच्यांचा पत्ता नव्हता. घटना परिषद सुरू व्हायला २५ तारीख उजाडली. संबंध उन्हाळाभर तो पुढे बसून प्रत्येक भाषण टिपत राहिला. ५५ प्रतिनिधी आले, १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या.

त्याला लोक ‘राज्यघटनेचा जनक’ म्हणतात. म्हातारपणी कुणी तसं लिहिलं तेव्हा त्याने कळवलं, की हे एका मेंदूचं अपत्य नाही, पुष्कळ डोक्यांचं आणि पुष्कळ हातांचं काम आहे. यात नम्रता होती तितकाच हिशेबही होता. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार केंद्राला असावा ही त्याची लाडकी सूचना परिषदेने फेटाळली. सिनेटमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हव्यात, हेही तो हरला.

गटबाजीवरचा उलटा उपाय

घटना लिहून झाली, पण राज्यांनी ती मान्य करायला हवी होती. न्यू यॉर्कमधल्या वर्तमानपत्रांतून ‘पब्लियस’ या टोपणनावाने तिच्या बाजूने ८५ लेख आले. मागे तिघे होते, अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन जे आणि मॅडिसन. मॅडिसनच्या वाट्याचे २९. त्यातला दहावा लेख २२ नोव्हेंबर १७८७ चा. पुढची सव्वादोनशे वर्षं लोक त्याच्यावर वाद घालत आहेत, तेव्हा जरा सावकाश घेऊ.

समजा, तीस फ्लॅटची एक सोसायटी आहे. सोळा जणांनी सभेत ठराव केला की गळक्या टाकीचा खर्च बाकीच्या चौदांनी द्यावा. नोटीस वेळेवर दिली होती, कोरम भरला होता, हात वर करून मतदान झालं. सगळं लोकशाही पद्धतीने झालं आणि तरी तो शुद्ध दरोडा आहे. मॅडिसनची चिंता ही. मूठभर लोकांनी दांडगाई केली तर मतदानाने त्यांना हरवता येतं. बहुमतच दांडगाई करत असेल तर हरवायचं कुणी?

दोन उपाय लगेच सुचतात आणि तो दोन्ही झटकून टाकतो. गट होऊच द्यायचे नाहीत, म्हणजे बोलायचं, एकत्र यायचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं. तो म्हणतो, आगीला हवा लागते तसं गटबाजीला स्वातंत्र्य लागतं. पण आग लागते म्हणून कुणी हवा काढून टाकत नाही. दुसरा उपाय, सगळ्यांना एकाच मताचं, एकाच हिताचं करून टाकायचं. ते शक्यच नाही. माणसांची बुद्धी वेगळी, कुवत वेगळी, आणि मुख्य म्हणजे मालमत्ता वेगळी. गटांचं सर्वांत जुनं आणि चिवट कारण मालमत्तेची विषम वाटणी आहे, हे त्याने स्वच्छ लिहिलंय. मार्क्सचा जन्म व्हायला तेव्हा तीस वर्षं होती.

मग उरतो तो उलटा उपाय. गट कमी करू नका, वाढू द्या. छोट्या गावात दोन गट असतात आणि त्यातला एक कायम वरचढ. तिथे दुसऱ्या गटाचं पाणी तोडणं सोपं. पण देश मोठा केला, त्यात शेतकरी, व्यापारी, कारागीर, सावकार, कर्जदार, दहा पंथ, तेरा राज्यं आली, की कुठल्याच एका गटाचं बहुमत होत नाही. सत्तेत यायचं तर चारपाच गटांना जुळवून घ्यावं लागतं आणि त्या तडजोडीत प्रत्येकाचा टोकदार कोपरा थोडा घासला जातो. तोवर शहाणी माणसं सांगत होती, की लोकांचं राज्य छोट्या जागेतच चालतं. मॅडिसनने ते उलटं केलं. लोकराज्याला मोठेपणाच वाचवेल, म्हणाला. एकच एक ओळख पुढे करून देशभर बहुमत उभारता येऊ लागलं तर या गणिताचं काय, हा प्रश्न आपल्या डोक्यात येतो. १७८७ च्या रस्त्यांवरून आणि टपालाच्या वेगाने तसं काही करणं कठीण होतं, यावरही त्याची थोडी भिस्त होतीच.

चेकवर दोन सह्या

गटांना गटांनी आवरलं. आता खुद्द सरकारला कुणी आवरायचं? त्याच्या ५१ व्या लेखातली वाक्यं फार उद्धृत होतात, पण त्यांना तोड नाही. माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती. देवदूतांनी माणसांवर राज्य केलं असतं तर सरकारवर कसल्याच लगामाची गरज पडली नसती. माणसांनी माणसांवर राज्य करायचं म्हटलं की अडचण दुहेरी होते: आधी सरकारला लोकांना आवरता आलं पाहिजे, आणि मग सरकारने स्वतःला आवरलं पाहिजे.

म्हणजे आधी कुंपण हवं, आणि मग ते कुंपण शेत खाणार नाही याची सोय हवी.

मॅडिसनची सोय अगदी व्यवहारी आहे. तो सांगतो, सत्ता तीन ठिकाणी वाटा, कायदे करणारे, राबवणारे, न्याय देणारे; पण नुसती कागदावर रेघ मारून ते वेगळे राहणार नाहीत. कागदी तटबंदीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. व्हर्जिनियाच्या घटनेत सत्ताविभाजन ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि विधिमंडळ ते रोज तुडवत होतं, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला अडवण्याचं हत्यार द्या, आणि ते वापरण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतवा. महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच तोंड देऊ दे.

गणेश मंडळाच्या चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात. का, हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. मॅडिसन एक पाऊल पुढे जाऊन म्हणेल, की दोघं जिवलग मित्र नसलेले बरे. दोघं वेगवेगळ्या गटांचे असतील तर हिशेब जास्त चोख राहील. दोघांपैकी कुणीही साधुसंत असण्याची गरज नाही, आपलं महत्त्व कमी होऊ न देण्याची खुमखुमी पुरे. काँग्रेसने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष परत पाठवू शकतो. दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला तर राष्ट्राध्यक्षाचं चालत नाही. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमतो, पण सिनेटच्या संमतीने, आणि एकदा नेमला की त्याला काढणं राष्ट्राध्यक्षाच्या हातात नाही. त्यावर केंद्र आणि राज्यं अशी आणखी एक वाटणी. केंद्राचे अधिकार मोजके आणि नाव घेऊन सांगितलेले, राहिलेलं सगळं राज्यांचं.

हे शेवटचं आपल्यापेक्षा अगदी उलट आहे. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत, आणि यादीत नसलेला विषय निघाला तर तो केंद्राकडे जातो. अमेरिकेत दहावी दुरुस्ती तो राज्यांना किंवा लोकांना देते. फाळणीच्या धगीत बसलेल्या आपल्या घटनाकारांना देश फुटण्याची भीती जास्त होती.

हक्कांची सनद: आधी नको, मग हवीच

आज अमेरिकेतला कुठलाही माणूस हक्कांवर भांडताना ज्या पहिल्या दहा दुरुस्त्यांचा हवाला देतो, त्या मॅडिसनने मांडल्या. गंमत अशी की मुळात त्याला त्या नको होत्या. त्याचं म्हणणं, सरकारला जो अधिकार दिलेलाच नाही तो वापरू नको असं वेगळं कशाला लिहायचं? शिवाय हक्कांची यादी केली की यादीत राहून गेलेले हक्क नाहीतच, असं उद्या कुणीतरी म्हणेल. आणि कागदावर लिहिलेलं बहुमत पाळतं कुठे?

जेफरसन पॅरिसहून त्याच्या मागे लागला होता, की हक्कांची सनद हा जगातल्या कुठल्याही सरकारविरुद्ध लोकांचा अधिकार आहे. आणि ती लिहिलेली असली तर न्यायालयांच्या हातात काहीतरी येईल. इकडे पॅट्रिक हेन्री व्हर्जिनियात त्याच मुद्द्यावर रान उठवत होता. जून १७८८ मध्ये व्हर्जिनियाने घटना मान्य केली, पण ८९ विरुद्ध ७९ अशा काठावरच्या मतांनी. पुढच्या हिवाळ्यात मॅडिसन प्रतिनिधिगृहासाठी उभा राहिला, समोर जेम्स मन्रो, जो पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला. एका चर्चबाहेर बर्फात उभं राहून दोघांनी वाद घातला आणि घोड्यावरून परतताना मॅडिसनच्या नाकाला हिमबाधा झाली. त्याची खूण तो पुढे कौतुकाने दाखवायचा. या प्रचारात त्याने हक्कांच्या दुरुस्त्या आणायचं वचन दिलं. १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी तो जिंकला.

मतांसाठी मत बदललं, असं म्हणायला जागा आहे, आणि थोडं ते खरंही आहे. पण ८ जून १७८९ ला त्याने दुरुस्त्या मांडल्या तेव्हा सभागृहातल्या बहुतेकांना त्यात रस नव्हता, आणि तरी त्याने पिच्छा सोडला नाही. आपल्याच जुन्या आक्षेपाला त्याने उत्तरही शोधलं होतं, ते म्हणजे आजची नववी दुरुस्ती: यादीत काही हक्क लिहिले म्हणून बाकीचे लोकांकडे नाहीत असा अर्थ कुणी काढू नये. त्याला स्वतःला सर्वांत मोलाची वाटत होती ती मात्र वेगळीच. सदसद्विवेकाचं आणि छापण्याचं स्वातंत्र्य, तसंच फौजदारी खटल्यात ज्यूरी, हे कुठल्या राज्याने तुडवू नये, अशी ती दुरुस्ती. सिनेटने ती कापली.

बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या. डिसेंबर १७९१ पर्यंत दहा मंजूर झाल्या. उरलेल्या दोनांपैकी एक होती खासदारांच्या पगाराबद्दल: स्वतःचा पगार वाढवलात तर तो मध्ये एक निवडणूक झाल्याखेरीज लागू होणार नाही. ती अशीच लोंबकळत राहिली. १९८२ मध्ये टेक्सासच्या एका कॉलेजविद्यार्थ्याने निबंधात लिहिलं, की ही अजूनही मंजूर होऊ शकते. त्याला ‘सी’ श्रेणी मिळाली. पठ्ठ्याने राज्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि १९९२ मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली, मांडल्यापासून २०३ वर्षांनी. २०१७ मध्ये विद्यापीठाने त्याची श्रेणी बदलून ‘ए’ केली.

सत्तेत गेल्यावर

कागदावरचा विचार बोलण्यापुरता सगळ्यांनाच जमतो. कसोटी १७९८ मध्ये लागली. फ्रान्सशी युद्धाचं वातावरण होतं, तेवढ्यात सरकारने राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्षाविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. उपराष्ट्राध्यक्षाचं नाव यादीत नव्हतं, कारण त्या खुर्चीवर विरोधी गोटातला जेफरसन बसला होता. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. मॅडिसनने व्हर्जिनिया विधिमंडळासाठी या कायद्याविरुद्ध ठराव लिहिला आणि साधारण वर्षभराने सविस्तर अहवाल. त्याचं म्हणणं, राज्यकर्त्यांची चिकित्सा करण्याचा हक्क हा बाकी सगळ्या हक्कांचा राखणदार आहे. मतं खरी की खोटी हे कोर्टात सिद्ध कसं करणार? आणि छापखान्याचा थोडाफार गैरवापर होणारच, तो टाळायला गेलात तर उपयोगही जाईल.

पुढे १८१२ च्या युद्धात तो स्वतः राष्ट्राध्यक्ष होता. ब्रिटिशांनी ऑगस्ट १८१४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये घुसून त्याचं राहतं घर जाळलं. न्यू इंग्लंडमधली वर्तमानपत्रं त्याला रोज शिव्या घालत होती. त्याने तसला कायदा आणला नाही. अमेरिकेची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्य कमी करणारा कायदा करू नका असं काँग्रेसला बजावते. आपल्या संविधानाच्या १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने त्याच स्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची यादी वाढवली. क्रमांक सारखा हा योगायोग, पण चुटपुट लावणारा.

सगळीकडे तो असा ठाम राहिला नाही. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक घटनाबाह्य म्हणून तो हॅमिल्टनशी भांडला आणि १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर स्वतः सही केली. वीस वर्षं लोकांनी बँक मान्य केली, त्याअर्थी प्रश्न मिटला, असं त्याचं स्पष्टीकरण. मला ते अर्धंच पटतं. पण कारकीर्द संपायच्या आदल्या दिवशी, ३ मार्च १८१७ ला, त्याने रस्ते आणि कालवे बांधायच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. रस्ते त्यालाही हवे होते. फक्त घटनेत केंद्राच्या कामांच्या यादीत ते नव्हते. लोकहिताच्या नावाखाली हवं ते करता येत असेल तर यादी केलीच कशाला? हवं असेल तर घटनादुरुस्ती करा, मग बांधा. त्याच उन्हाळ्यात न्यू यॉर्कने ईरी कालवा स्वतःच्या पैशाने खणायला घेतला.

घटना किती सहज बदलावी, यावर त्याचं जेफरसनशी पटलं नाही. सप्टेंबर १७८९ मध्ये जेफरसनने त्याला लिहिलं, की पृथ्वी जिवंत माणसांची आहे, मेलेल्यांनी जिवंतांना बांधून ठेवू नये, दर एकोणीस वर्षांनी कायदे आपोआप संपावेत. हाच विचार जेफरसनने नंतरही मांडला, आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी तो उद्धृत केला, प्रत्येक पिढी म्हणजे जणू एक वेगळं राष्ट्र, हे सांगत. आपलं संविधान बदलायला तुलनेने सोपं का ठेवलं, याच्या समर्थनासाठी. मॅडिसनने मात्र फेब्रुवारी १७९० मध्ये मित्राला सौम्य शब्दांत उलट कळवलं होतं: मेलेल्यांनी लावलेल्या झाडांची फळंही जिवंत खातात, तर त्यांचं थोडं देणं लागतातच, आणि दर एकोणीस वर्षांनी सगळं रिकामं झालं तर मधल्या काळात कुणाच्याच कशाची खात्री उरणार नाही. आपल्याकडे शंभरावर दुरुस्त्या झाल्या, तिकडे २७. कोणाचं बरोबर हे या आकड्यांवरून ठरवू नये.

ज्याचा गटच नाही

मॉन्टपेलियर या त्याच्या मळ्यावर शंभरावर गुलाम राबत होते. १७८७ च्या परिषदेत त्याने म्हटलं होतं, माणसात मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणं चूक आहे. ‘गुलाम’ हा शब्द घटनेत आलाही नाही. गुलामी आली, आडवळणाने: प्रतिनिधिगृहात कुठल्या राज्याला किती जागा, या गणतीत त्या माणसांना तीनपंचमांश धरून. आणि ५४ व्या लेखात मॅडिसनने त्या हिशेबाची वकिली केली.

१७८३ मध्ये तो फिलाडेल्फियाहून घरी निघाला, तेव्हा सोबतच्या बिली नावाच्या गुलामाला परत न्यायला त्याला नको वाटलं. मोकळ्या माणसांत राहिलेला हा बाकीच्यांना बिघडवेल. पण वडिलांना पत्रात त्याने लिहिलं, की ज्या स्वातंत्र्यासाठी आपण इतकं रक्त सांडलं आणि जो प्रत्येक माणसाचा हक्क म्हणून आपण इतक्यांदा सांगितला, त्याचीच इच्छा धरली म्हणून मी याला शिक्षा का करू? हे लिहून त्याने बिलीला विकलं. पेन्सिल्वेनियाच्या कायद्याने ती विक्री सात वर्षांपुरतीच होती. पुढे बिली विल्यम गार्डनर या नावाने मोकळा झाला.

मॅडिसनच्या यंत्रात इथे एक भोक दिसतं, आणि ते केवळ त्याच्या ढोंगाचं नाही. त्याची सगळी व्यवस्था धरून चालते की प्रत्येक हितामागे कुणीतरी उभं आहे, मतदार आहे, वर्तमानपत्र आहे, महत्त्वाकांक्षी पुढारी आहे. गट गटाला अडवतात. पण ज्याला गट करायचीच बंदी आहे, त्याच्या बाजूने कोण अडवणार? दोन सह्यांच्या चेकवर दोन्ही सह्या मालकांच्याच. तिथे सत्ता कितीही वाटली, तरी त्याच्या वाट्याला येत नाही. शेवटी यादवी युद्ध झालं आणि १८६५ मध्ये तेरावी दुरुस्ती आली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ते या मुक्तीसाठी. घटना लिहिणाऱ्यांसाठी नव्हे.

२८ जून १८३६ ला मॉन्टपेलियरला मॅडिसन वारला, तेव्हा खोलीत पॉल जेनिंग्ज होता, मळ्यावरच जन्मलेला, वर्षानुवर्षं त्याची दाढी करणारा गुलाम. मृत्युपत्रात मॅडिसनने कुणालाच मुक्त केलं नाही. संमतीशिवाय विकू नये एवढी इच्छा बायकोला, डॉलीला, लिहून ठेवली. कर्जापायी तिने १८४४ मध्ये मळाही विकला आणि माणसंही. जेनिंग्जच्या सुटकेचे १२० डॉलर १८४७ मध्ये डॅनियल वेबस्टर या सिनेटरने भरले, आणि जेनिंग्जने ते महिना आठ डॉलरप्रमाणे चाकरी करून फेडले. १८६५ मध्ये त्याच्या आठवणी छापून आल्या. त्यात मॅडिसनबद्दल एक वाईट शब्द नाही. डॉलीच्या शेवटच्या दिवसांत घरात खायला नसायचं, तेव्हा आपण कधीमधी स्वतःच्या खिशातून तिला थोडे पैसे देत असू, असं त्याने त्यात नोंदवलं आहे.